तीन बरण्या समुद्र

"समुद्र बघितलायस का?"

मी खोली भाड्यानं बघायला गेले होते. एरवी घरमालक विचारतात, नोकरी कुठं, गाव कुठलं, पाहुणे किती येणार. या बाईंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न हा. तोही सोलापुरात! जिथं नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं तिथं ही बाई समुद्राची चौकशी करतेय! मी आधीच उन्हानं भाजून निघालेली. फटकन म्हटलं, "नाही बघितला. न बघितलेल्यांना खोली देत नाही का तुम्ही?"

त्या खो-खो हसल्या. "देते की! उलट तूच बरी. ज्यांनी बघितलाय त्यांना वाटतं, त्यात नुसतं पाणीच असतं."

अशी मी त्यांच्या माडीवर राहायला गेले आणि तिथं पुढं किती वर्षं राहिले ते आता मोजावं लागेल. बाई मूळच्या वळसंगच्या. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. उंच, काटकुळ्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शिकवायच्या मराठीत, चिडायच्या कन्नडमध्ये, आणि आनंद झाला की दोन्ही भाषा एकदम सुरू व्हायच्या. गल्लीत त्यांना 'समुद्रबाई' म्हणत. पाठीमागं नव्हे, तोंडावर. त्यांना ते आवडायचं.

त्यांच्या घरात फिनेल चालत नसे. मी पहिल्याच रविवारी बाटली आणली तर हातातून काढून घेतली. "काय वाकडं केलंय गं त्यांनी तुझं?" 'त्यांनी' म्हणजे जंतूंनी! जिवाणूंना त्या कायम 'मंडळी' म्हणायच्या आणि मंडळींबद्दल बोलताना अनेकवचन, आदरार्थी. मंडळी जेवतात, मंडळी दमतात, मंडळींना आज ऊन लागलंय. आमच्या ऑफिसातल्या साहेबांबद्दल कुणी इतक्या मानानं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

एकदा गल्लीतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या. बाईंनी तिळगूळ वाटता वाटता सगळ्यांना एकदम थांबवलं. "श्वास घ्या. सोडा. आता दुसरा घ्या. सोडा." बायका बिचाऱ्या घेतायत, सोडतायत. "पहिला झाडांनी दिला. दुसरा समुद्रातल्या मंडळींनी दिला. जवळजवळ निम्मं-निम्मं! चमचाभर समुद्रात लाखोंनी असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्या गाड्यांचा, भट्ट्यांचा, चुलींचा जो कार्बन हवेत जातो, तो पाण्यात ओढायचं काम त्यांच्यामुळंच चालतं. आणि तुम्ही कुणी आजवर त्यांना हळदीकुंकू केलंय का?" एक बाई घाबरून "नाही" म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, ओढतात म्हणजे करतात काय? मला नीट सांगा. मी क्लार्क आहे, शास्त्रज्ञ नाही."

तर त्या उठल्या, स्वयंपाकघरातून एका हातात ताजी ज्वारीची भाकरी आणि दुसऱ्या हातात कडक भाकरी घेऊन आल्या. आमच्याकडची कडक भाकरी तुम्हाला ठाऊक असेल, पापडासारखी वाळवलेली, महिनोन्‌महिने टिकते. "ही मऊ बघ. ठेवली की दुपारपर्यंत संपते. समुद्रातले हिरवे बारके जीव हवेतला कार्बन घेऊन अशी मऊ भाकरी थापतात. मंडळी ती खातात, आणि खाल्लं की त्यातलं बहुतेक श्वासातून परत सोडून देतात. म्हणजे आलं तसं गेलं. पण खाता खाता मंडळी स्वतः एक वेगळीच वस्तू तयार करतात. ही!" आणि कडक भाकरी माझ्या नाकासमोर धरली. "अशी कडक, की पुढं कुणाचे दात तिला लागत नाहीत. ती पाण्यात विरघळून तशीच राहते. हजारो वर्षं! हवेत जेवढा कार्बन आहे ना, जवळजवळ तेवढा समुद्रात असा न खाता पडून आहे. कुणी खात नाही म्हणून आपण वाचलोय, कळलं का?"

मला कळलं. आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार जणांना भाकरी दाखवून हेच सांगितलं आणि चौघांनी माझ्याकडं विचित्र बघितलं. तेव्हा मला बाईंचं एकटेपण पहिल्यांदा कळलं.

कारण हे त्यांनी आयुष्यभर सोसलेलं होतं. तरुणपणी त्यांनी कॉलेजात समुद्राच्या पाण्यावर काम करायचं म्हणून अर्ज केला तर वरिष्ठ म्हणाले, "बाई, सोलापुरात आधी प्यायच्या पाण्याचं बघा." सगळे हसले. त्या गप्प बसल्या आणि नोकरीभर गप्पच बसल्या. निवृत्त झाल्यावर मात्र तिसऱ्याच आठवड्यात कोकणात जाऊन समुद्राचं पाणी घेऊन आल्या.

जिन्याखाली अंधाऱ्या कोनाड्यात तीन मोठ्या काचेच्या बरण्या होत्या. तिन्हींना सोलापुरी चादरी गुंडाळलेल्या, उजेड आत जाऊन हिरव्या जीवांनी नवी भाकरी थापू नये म्हणून. एकीत नुसतं समुद्राचं पाणी. दुसरीत त्याच पाण्यात मोजून घातलेली साखर. तिसरीतही साखर. "दोन कशाला?" मी विचारलं. "एखादी बरणी खोटं बोलते गं. दुसरी तिला पकडते." चार वर्षं बरण्या अंधारात ठेवायच्या. मंडळींना हवं तेवढं खाऊ द्यायचं. साखर तर पहिल्या काही दिवसांतच फस्त होणार. पण चार वर्षांनी, साखरेच्या बरणीत साध्या बरणीपेक्षा जास्त काही उरलं असलं, तर ती साखर नव्हे. ती मंडळींनी बनवलेली कडक भाकरी! बाईंचा एक जुना विद्यार्थी दूर एका प्रयोगशाळेत नोकरीला होता, तो मशीनवर मोजून देणार होता.

मी म्हटलं, "पण हे पुस्तकात असेलच की."

"पुस्तकात भाकरी पण असते. पोट भरतं का?" असं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या हृदयाची एक झडप बिघडलेली होती, हे मला तेव्हाच कळलं. "मला एकदा बघायचंय. सोलापुरात, माझ्या घरात, माझ्या बरणीत उरतं का नाही, एवढं माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे."

चार वर्षं पुरी व्हायला तीन आठवडे राहिले होते, तेव्हा माझी आई गावाहून, केमहून आली.

माझी आई म्हणजे राबणारी बाई. केमला कुंकवाच्या कारखान्यात पाकिटं भरायची, बोटं कायम लाल. कुठंही गेली तरी तिला बसवत नाही. त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, बाई वळसंगला भाचीकडं गेलेल्या, आणि माझ्या ऑफिसात तपासणी. मी घाईघाईत बाहेर पडले. आईला "बरण्यांना हात लावू नको" एवढं सांगायचं राहून गेलं. एवढंच, पण ते माझं राहिलं. दुसऱ्या कुणाचं नाही.

संध्याकाळी आले तर आई उंबऱ्यात फुलून उभी. "सगळं घर लखलखीत केलंय बग! हंडं, कळशा, बादल्या. शिळं पानी ओतलं, ताजं भरलं. आन तुज्या म्याडमनी तर जिन्याखाली बोअरचं पानी कवापासून साठवून ठिवलंय गं! जिभंला लावून बगितलं, खारट जहर! ते बी ओतलं."

सोलापुरात पाण्याच्या दिवशी सगळे हेच करतात हो! नळाला ताजं आलं की शिळं ओतायचं, भांडी घासायची, गळ्यापर्यंत भरायची. आणि बोअरचं पाणी खारटच असतं. आईचं काय चुकलं? काहीच नाही. तिन्ही बरण्या घासूनपुसून, नळाच्या पाण्यानं भरून, चादरी नीट गुंडाळून ठेवलेल्या होत्या. काच इतकी चकाकत होती की मला भोवळ आली.

"आई गं, काय केलंस तू हे!" मी किंचाळलेच. ती चार वर्षं, ती झडप, ते सगळं तिला सांगितलं. ती मटकन खाली बसली. मी मात्र तशीच दुकानात पळाले आणि जाड्या मिठाचे पुडे घेऊन आले. खोटं कशाला बोलू, आणले. वाटलं, खारट करून ठेवावं, तीन आठवडे निभतील, मग मशीनमध्ये काय निघायचं ते निघेल, बाईंना वाटेल उरलं नाही. आईनं पुडे बघितले.

"ह्ये कशापायी?"

मी सांगितलं.

"ठिव ते तितं," ती म्हणाली. "म्या ओतलंय, म्या सांगनार. चार वर्सं ज्या बाईनं वाट बगितली तिला मिठाचं पानी दावतीस व्हय गं?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाई दिवेलागणीला आल्या. आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, दारातच सगळं सांगून टाकलं. बाई तडक आत वळल्या. जिन्याखाली गेल्या, चादर सोडली, झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "गोडं," म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. ज्या बाईला मी झोपेतही बडबडताना ऐकलं होतं ती बाई गप्प! मला तर वाटलं, झडपेचं काही झालं.

आई रडत म्हणाली, "म्याडम, मला मारा, पन बोला."

"कशानं घासल्या?"

"मातीनं आन नारळाच्या शेंडीनं."

"साबण?"

"न्हाय लावला. वास ऱ्हातो की."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. "साबण लावला असता तर धुऊन धुऊन माझा जीव गेला असता." आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. आम्ही तिघी रडलो.

दोन दिवस त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माडीवर हाक आली. "अगं ए, उठलीस का? समुद्र आहे तिथंच आहे की! कुठं पळून गेलाय? चला!"

मी म्हटलं, "बाई, पुन्हा चार वर्षं?"

"मग काय चार दिवसांत खातील ते? डॉक्टरला विचारू नकोस हं, तो नाही म्हणेल."

आई म्हणाली, "म्या बी येनार. म्या सांडलं, म्या भरनार."

रत्नागिरीच्या एसटीत बसून आम्ही तिघी निघालो, रिकामे कॅन पायांशी खडखडतायत. समुद्र दिसला आणि आई जागच्या जागी उभी राहिली. मीही पहिल्यांदाच बघत होते, पण मी तिच्याकडंच बघत बसले. ती म्हणाली, "एवढं पानी! आन आमी कळशी कळशी मोजतोय!" मग वाकून हात जोडले आणि बाईंना विचारलं, "मंडळी कुटं असत्यात?"

"सगळीकडं," बाई म्हणाल्या.

काठाचं पाणी नको, आतलं हवं, म्हणून बाईंनी एका होडीवाल्याला पटवलं. आईला होडी लागली. एका हातानं होडीची कड धरून ती उलट्या करतेय आणि दुसऱ्या हातातला कॅन काही सोडत नाही! होडीवाला म्हणाला, "मावशी, द्या इकडं, मी भरतो." ती म्हणाली, "व्हय बाजूला." तिन्ही कॅन तिनंच भरले. बाई होडीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. होडीवाला ओरडतोय, "बसा, बसा!" आणि या कन्नडमध्ये काहीतरी आनंदानं बडबडतायत. मला त्या दिवसाइतकी मजा पुन्हा कधी आली नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं कॅनवर पेन आपटून विचारलं, "काय आहे यात?"

बाईंनी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "समुद्र हाय."

"समुद्र?"

"व्हय. तुमाला कडक भाकरी म्हाईत हाय का?"

घाट चढून संपेपर्यंत आईनं सगळ्या एसटीला कार्बनचं शिकवलं. तिचं थोडं चुकलं की बाई मागच्या सीटवरून सुधारायच्या. कंडक्टर शेवटी म्हणाला, "मग हे कॅन हलू देऊ नका, मावशी," आणि ड्रायव्हरला खड्ड्यांवरून सावकाश घ्यायला सांगून आला.

सोलापूर जवळ आलं तशी आई हट्टाला पेटली. बरण्या केमला न्यायच्या. "हितं पान्याचा दिस आला की पुन्ना कुनीतरी ओतंल. माज्या घरात मागल्या खोलीत ज्वारी असती. खिडकी न्हाय, उजेड न्हाय, गारवा हाय. आन माज्या घरात माज्याशिवाय कुनी ओतनारं न्हाय." बाई आधी "नाही, नाही" म्हणाल्या, मग हसत सुटल्या.

अशा त्या बरण्या पुन्हा समुद्रानं भरून, दोन बरण्यांत मोजून साखर घालून केमला गेल्या. बाई महिन्यातून एकदा रेल्वेनं जाऊन बघून यायच्या. बघायचं काय, चादरी! पण जायच्या. मधे त्यांच्या झडपेचं ऑपरेशन झालं आणि प्रवास बंद झाला. तेव्हा दर रविवारी आईचा फोन यायचा. बाई पलंगावर उठून बसायच्या.

"मंडळी बरी हायत," आई सांगायची.

"काय म्हणतात?"

"गप हायत. जेवत्यात."

ऑपरेशननंतर मला डॉक्टरांपेक्षा या फोनचा आधार जास्त वाटायचा. बाई उगीच नव्हे, मनापासून बऱ्या होत होत्या. त्यांना चार वर्षं काढायची होती ना!

आणि काढली. शेवटच्या आठवड्यात त्यांना धीर निघेना. डॉक्टरांना न विचारता माझ्या खांद्याला धरून रेल्वेत बसल्या आणि दोन दिवस आधीच केमला जाऊन धडकल्या. हातात उकळून घेतलेल्या कुप्या. थेट मागच्या खोलीकडं! आई दारात आडवी.

"अजून दोन दिस हायत."

"अहो ताई, दोन दिवसांनी काय होतंय? मी म्हातारी बाई, आज आहे उद्या नाही."

"चार वर्सं म्हंजी चार वर्सं. तुमीच सांगितलं, सावकाश खानाऱ्यांला बी येळ द्यावा लागतो. बसा. हुलगं शिजवलंय, जेवा."

"अय्यो, बरण्या माझ्या आहेत!"

"असत्याल. खोली माजी हाय."

बाईंनी माझ्याकडं दाद मागितली. मी म्हटलं, मला यात घेऊ नका. ज्या बाईनं डॉक्टरचंसुद्धा ऐकलं नाही ती दोन दिवस आईच्या ओसरीवर बसून शेंगा सोलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं आंघोळ केली, हात तीनदा धुतले आणि स्वतः चादरी सोडल्या. बाईंनी कुप्या भरल्या. मी एकेक कुपी पुढं करत गेले. बरण्यांवर लगेच झाकणं लावली आणि कुप्या बर्फात घालून मी त्या प्रयोगशाळेत नेऊन दिल्या.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. बाई केमलाच राहिल्या होत्या, परत यायला तयारच नव्हत्या. फोन आला तेव्हा मीही तिथंच होते. बाईंना ऐकवेना, त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. त्या विद्यार्थ्यानं तिन्ही बरण्यांचे आकडे सांगितले. मला आकड्यांतलं काय कळतंय? मी म्हटलं, "अहो सर, एवढंच सांगा, उरलंय का?"

"उरलंय," तो म्हणाला. "दोन्ही साखरेच्या बरण्यांत. थोडंसंच आहे, पण साध्या बरणीपेक्षा स्पष्ट जास्त. दोन्हींत जवळजवळ सारखं. मॅडमना सांगा, साखरेचा मागमूस नाही. हे त्यांच्या मंडळींनी बनवलेलं आहे."

मी ओरडले, "बाई, उरलंय! उरलंय!" बाईंनी डोळे उघडले. आईकडं बघितलं आणि तिचे दोन्ही लाल हात धरून छातीशी घेतले. "बघितलं," म्हणाल्या. "ताई, मी बघितलं." दोघी हसत होत्या का रडत होत्या, मला सांगता येणार नाही. मी तर दोन्ही करत होते.

जरा वेळानं बाई शांत झाल्या, पदरानं चष्मा पुसला. "चला, काम झालं," म्हणाल्या. "आता बरण्या रिकाम्या करा, ताई. तुमची खोली मोकळी होईल. चार वर्षं अडवली मी."

आई चुलीपाशी निघाली होती, ती थबकली. "रिकाम्या? आवं, थोडंसं उरलंय म्हनला न्हवं त्यो?"

"हो."

"मग त्ये थोडंसं तरी कुनी खातंय का न्हाय, ह्ये कसं कळायचं? आनखी चार वर्सांनी बगायला नगं?"

बाईंनी नुकताच पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. अडुसष्ट वर्षांच्या बाई, छातीत नवी झडप, ऑपरेशनचा व्रण अजून लालसर. मग त्या कंबरेवर हात ठेवून उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि आतून मला हाक मारली.

"अगं ए, चादरी आण."